क्लच नसलेली गाडी

डावा पाय दणकन खाली गेला आणि गाडी जागच्या जागी अशी थांबली, की माझं कपाळ स्टिअरिंगवर आपटता आपटता राहिलं. मागच्या सीटवरून कोबीचा गड्डा गडगडत खाली गेला. क्लच समजून मी पुन्हा एकदा ब्रेक दाबला होता. त्या गाडीला क्लच नव्हताच, ऑटोमॅटिक होती ती. पण सांगलीच्या रस्त्यांवर डाव्या पायाला लागलेलं वळण न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनला येऊन थोडंच जाणार? जित्याची खोड म्हणतात ती हीच.

गाडीसमोर सुपरमार्केटची ट्रॉली धरून एक म्हातारी उभी होती. माझ्याच वयाची होती, तेव्हा मला तिला म्हातारी म्हणायचा काही अधिकार नाही. लहानखुरी, पांढरे केस कानापर्यंत कापलेले, चेहरा जपानी किंवा चिनी. घाबरून मी गाडी बंद केली. मग मागची माणसं खोळंबली म्हणून लगेच पुन्हा चालू केली. गाडी चालू झाली की आतल्या यंत्रातली बाई गोड आवाजात, तिच्या भाषेत एक वाक्य बोलायची, तशी ती बोलली. ट्रॉली तशीच सोडून म्हातारी माझ्या काचेपाशी आली आणि तिनं टकटक केलं.

आता परदेशात बोलणी खायची वेळ आली, असं मनाशी म्हणत मी अर्धवट उघडी काच पूर्ण खाली केली. ‘सॉरी’ तोंडात तयारच होतं.

“प्लीज, गाडी बंद करा,” ती म्हणाली.

मी बंद केली.

“आता चालू करा.”

मी चालू केली. बाई बोलली. म्हातारीनं दाराच्या कडेवर हात ठेवला, डोळे मिटले आणि ऐकलं.

“अजून एकदा,” ती म्हणाली. “तुम्हाला घाई नसेल तर.”

घाई! मला कसली घाई असणार होती? हे गेल्यावर निनाद मला सांगलीहून न्यूझीलंडला घेऊन आला, त्याला तेव्हा काही महिने झाले होते. निनाद आणि रेवती सकाळी कामाला जात ते दिवेलागणीला येत. दिवसभर मी आणि फ्रीज. फ्रीज निदान मधूनमधून घरघर तरी करायचा. दोघंही पोरं गुणाची, त्यांना नाव ठेवायला जागा नाही. मी कोंडून राहू नये म्हणून निनादनं जपानहून आलेली एक जुनी गाडीही माझ्यासाठी घेतली. फक्त त्याच्या मनातून मी आता कायमचंच तिथे राहावं असं होतं. सांगलीचा फ्लॅट विकायचा आणि खाली झाकून ठेवलेली ह्यांची जॅझ गाडीही. “दिवाळीपर्यंत सांग आई,” असं तो म्हणाला होता. परतीचं तिकीट दिवाळीनंतरचं होतं. जायचं की राहायचं, हा एकच प्रश्न मी रोज सकाळी चहाबरोबर उकळायला ठेवायचे आणि रोज तो तसाच उतू जायचा.

म्हातारीसाठी मी गाडी आणखी दोनदा बंद-चालू केली. मग रस्त्यातून बाजूला घेतली आणि तिला म्हटलं, “आत येऊन बसा ना. बाहेर वारं आहे.”

ती माझ्या डाव्या बाजूला येऊन बसली. मी किल्ली फिरवली. बाईनं आपलं वाक्य म्हटलं आणि ही घळाघळा रडायला लागली. पर्समध्ये रेवतीनं दिलेला कागदी रुमालांचा पुडा होता, तो पुढे केला.

“चाळीस वर्षं झाली इथे येऊन,” ती म्हणाली. आमचं बोलणं इंग्रजीतून, माझं मोडकं आणि तिचं जपानी वळणाचं, त्यामुळे एकमेकींना ते झकास कळायचं. “नवरा इथलाच होता. गेला. मुलीला माझी भाषा येत नाही. घरात माझ्याशी जपानीत कोणी बोलत नाही. मीही नाही बोलत. भिंतीशी काय बोलायचं?”

“ही काय म्हणते?” मी पडद्याकडे बोट दाखवून विचारलं. “रोज म्हणते. मला वाटायचं, नमस्कार वगैरे म्हणत असेल.”

तिनं डोळे पुसले, माझ्याकडे पाहिलं. जरा वेळ पाहतच राहिली.

“ती म्हणते, सांभाळून जा.”

“रोज?”

“रोज.”

माझा जीव सुपाएवढा झाला. मला सांभाळून जा म्हणणारं माणूस वर्ष झालं नव्हतं. हे म्हणायचे. मी भाजीला निघाले तरी गॅलरीत येऊन म्हणायचे, जशी काही मी लढाईवर चाललेय. तेव्हा मी वैतागायचे.

पडद्यावर नकाशा होता, तोही जपानचाच. बिचाऱ्या यंत्राला न्यूझीलंड ठाऊकच नव्हतं. सगळा पडदा निळाशार आणि मधोमध एक लाल बाण. म्हातारी त्याच्याकडे बघून हसली. “समुद्रात आहोत आपण. आपण कुठे येऊन पडलोय हे गाडीला अजून कळलेलं नाही.”

“आपल्याला तरी कुठे कळलंय?” मी म्हटलं, आणि मग आम्ही दोघी बराच वेळ हसलो.

तिनं नाव सांगितलं, फ्रॅन.

“हे जपानी नाव?”

“नाही. फुमिको. नवऱ्याच्या आईला म्हणता येईना. तिनं फ्रॅन केलं. तुमचं?”

“शैलजा,” मी म्हटलं. आणि कोण जाणे का, पुढचंही बोलून गेले. आमच्यात लग्नात मुलीचं नुसतं आडनाव नाही, नावही बदलतात. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. ह्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. सासूबाईंनी वाचून दाखवलं तेव्हा मला कळलं, आता आपण शैलजा. मग ते तांदूळ गोळा केले. त्या तांदळाचं पुढे काय करतात ते मला आजतागायत माहीत नाही. भात करत असतील.

“त्याआधीचं नाव?”

“इंदू.”

“आता कोण म्हणतं इंदू?”

माहेरी म्हणायचे. आई-वडील गेले, मग थोरला भाऊ एकटाच म्हणायचा. तो ह्यांच्या आधी दोन पावसाळे गेला. म्हणजे ते नाव घेणारं जगात कोणीच उरलेलं नाही, हे तिनं विचारेपर्यंत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

“कोणी नाही,” मी म्हटलं.

“इंदू-सान,” ती म्हणाली. नुसतं म्हणून पाहिल्यासारखं, त्यांच्याकडे नावाला आदरानं सान जोडतात तसं. मी खिडकीबाहेर बघत बसले, कारण पुड्यातले कागदी रुमाल आता मला लागणार होते.

त्यानंतर आम्ही रोज भेटायला लागलो. मी तिला तिच्या घरून घ्यायचे आणि आम्ही नदीकाठी जायचो, बागेत जायचो, नाहीतर कुठेच न जाता गाडीतच बसायचो. ती डबा आणायची, भाताचे गोळे, त्यात खारवलेलं आंबट आलुबुखार. मी थालीपीठ. ते आलुबुखार तोंडात गेलं की माझा चेहरा असा व्हायचा की ती टाळ्या पिटायची. मीही सूड उगवला, तिला लसणाची चटणी दिली. तेव्हापासून बरणी तिच्याकडेच राहिली.

ह्यांच्याविषयी मी बोलायचे ते गाडीवरूनच. हे सांगलीला तांत्रिक विद्यालयात ड्रॉइंग शिकवायचे. त्यांना गाड्यांचं भारी वेड, आणि त्यातून ह्या एका गाडीचं. लोक आपल्या घराण्याच्या पिढ्या सांगतात तशा हे तिच्या सांगायचे. पहिली पिढी जपानात निघाली, मोठ्या डोळ्यांची. आपल्याकडे आली ती दुसरी. “शैला, पेट्रोलची टाकी कुठे असते?” “मागे.” “चूक! हिची पुढच्या सीटखाली आहे. म्हणून मागे एवढी ऐसपैस जागा. तू टाकीवर बसलीयेस.” हे ऐकल्यावर मी आठवडाभर अंग चोरून बसत होते. पुढे ह्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि गाडी माझ्या हातात आली. शाळेमागच्या मैदानात त्यांनीच शिकवली. शेजारी बसून म्हणायचे, “क्लच, बाई, क्लच! आधी क्लच!” तो पाय तेव्हा जो बसला तो बसलाच.

“हिला तुमच्याकडे काय म्हणतात?” फुमिकोनं विचारलं.

“जॅझ.”

“आमच्याकडे फिट.”

हे मला ठाऊक होतं. ह्यांनी सांगितलेलं होतंच आणि हॅमिल्टनच्या रस्त्यावर तर तिन्ही पिढ्या फिरत होत्या. मोठ्या डोळ्यांची पहिली, रेवती चालवायची ती टोकदार नाकाची तिसरी आणि माझी ही मधली, अगदी ह्यांच्या जॅझसारखीच. समोर तेच तीन गोल मीटर. फक्त हिला क्लच नव्हता आणि तिला आवाज नव्हता.

“म्हणजे घर बदललं आणि हिचंही नाव बदललं,” फुमिको म्हणाली. “आपल्यासारखंच.”

“गाडी कुरकुरत नाही पण.”

“कुरकुरते. डावीकडे वळताना ऐक.”

दसऱ्याला मी गाडीची पूजा करायची ठरवली. झेंडूच्या फुलांसाठी फुमिकोनं मला पाच दुकानं हिंडवली आणि शेवटी एका पंजाबी बाईच्या अंगणात ती मिळाली. मी माळ करून नंबरप्लेटच्या वर बांधली, हळदीकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. फुमिको शेजारी हात जोडून उभी. निनादनं फोटो काढला आणि हसत हसत विचारलं, “मग आई, लिंबू फोडलंस म्हणजे राहायचं पक्कं ना?”

मी गाडी पुढे घेतली. लिंबू फुटलं. उत्तर मात्र मी दिलं नाही.

त्या रात्री जेवताना त्यानं विषय काढला. “आई, सांगलीत आता आहे कोण तुझं? तू आजारी पडलीस तर मी तिथे पोचेपर्यंत किती वेळ जाईल, विचार कर.”

“खरं आहे बाबा.”

“आणि इथे आता मैत्रीणही मिळाली तुला. मला वाटलं तू रुळलीस.”

“आई, आमचा आग्रह नाही हं,” रेवती म्हणाली. “पण तुम्ही असलात की घरी आल्यावर दिवा लागलेला असतो. ते फार बरं वाटतं.”

तिचं ते बोलणं माझ्या काळजाला भिडलं. सून हे म्हणते आणि आपण जायचं म्हणायचं? मी जवळजवळ हो म्हणून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी फुमिकोला तसं सांगितलंही. आम्ही नदीकाठी गाडी लावून बसलो होतो.

“राहतेय मी,” मी म्हटलं. “निनाद फ्लॅट विकेल.”

मला वाटलं होतं तिला आनंद होईल. तिनं डब्याचं झाकण लावलं, रुमालाची गाठ मारली, सोडली, परत मारली.

“मीसुद्धा म्हटलं होतं, एक वर्ष राहते,” ती म्हणाली. “मग मुलगी झाली. मग नवऱ्याचं दुखणं. मग तो गेला, आणि मुलगी म्हणाली, तिकडे तुझं कोण आहे? खरंच कोणी नव्हतं. तरी तीन वर्षांपूर्वी एकदा गेले. माझ्याच गावी. स्टेशनबाहेर एका मुलीला रस्ता विचारला, आमची शाळा होती त्या बाजूचा. तिनं फार नीट सांगितला. आणि जाताना म्हणाली, तुमचं जपानी किती छान आहे. कुठे शिकलात?”

मी तिच्याकडे वळून बसले.

“माझी भाषा जुनी झाली होती, इंदू-सान. बोलण्यात इंग्रजीची चाल आली होती. मला कळलंच नाही कधी. मी तिला थँक यू म्हणाले आणि उलट पावली हॉटेलवर आले. शाळेकडे गेलेच नाही.”

नदीवर बदकं होती. फुमिको त्यांच्याकडे बघत होती.

“तुझं घर अजून आहे,” ती म्हणाली. “शेजारी ओळखतात. भाजीवाली ओळखते. तुझी भाषा अजून ताजी आहे. तू जा.”

“आणि तू?”

“मला काय झालंय? मी चाळीस वर्षं आहेच की.”

“आपण रोज भेटतो ते?”

“ते छान आहे,” ती म्हणाली. “पण तेवढ्यासाठी राहू नकोस. मला नंतर फार जड जाईल.”

घरी येऊन मी निनादला जायचं ठरवल्याचं सांगितलं. त्याला वाईट वाटलं, चार दिवस तो गप्प गप्प होता. मग एका संध्याकाळी स्वयंपाकघरात आला, माझ्या हातातली पोळी लाटून पाहिली, ती ऑस्ट्रेलियाच्या नकाशासारखी झाली आणि म्हणाला, “ठीक आहे आई. पण दर वर्षी येऊन जायचं. आणि गाडी?”

“गाडी फुमिकोला दे.”

तिच्याकडे गाडी नव्हती. चालवता येत होती, पण नवरा गेल्यावर तिनं सोडून दिली होती. निनाद हो म्हणाला. कितीला, असं त्यानं विचारलं नाही, पोरगं माझंच आहे.

ऑकलंडच्या विमानतळावर फुमिको मला सोडायला आली, तीच गाडी घेऊन. निनाद सामान ढकलत पुढे गेला. मी खाली उतरले तरी ती स्टिअरिंगवरच. गाडी बंद केली आणि माझ्याकडे बघून पुन्हा चालू केली. आतली बाई बोलली.

“ऐकलंस?” फुमिको म्हणाली.

“ऐकलं,” मी म्हटलं. “तूसुद्धा.”

आत जाताना मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिकीट फाडून टाकलं असतं.

परत आले म्हणजे एकटेपण संपलं, असं काही झालं नाही. निनादला वाटतं ते खोटं नव्हतं, इथे माझं कोण आहे? पण इथलं एकटेपण मराठीत आहे. भाजीवाली भाव कमी करत नाही तेही मराठीतच. मधल्या काळात त्या गाडीची चौथी पिढी निघाली, ती आपल्याकडे आलीच नाही. मग आपल्याकडची विक्रीही बंद झाली. ह्यांना कळलं असतं तर दोन दिवस जेवले नसते. मी माझी जॅझ घासूनपुसून ठेवते आणि आठवड्यातून दोनदा बाहेर काढते. सोसायटीत मी निनादची आई, नाहीतर आगाशे काकू. दर रविवारी फुमिकोचा फोन यायचा, गाडीतूनच करायची. आधी किल्ली फिरवायची, बाईला बोलू द्यायची आणि मग म्हणायची, “इंदू-सान, कशी आहेस?” आठवड्यातून तेवढ्यापुरती मी इंदू व्हायचे.

मधे मी दोनदा जाऊन आले. मग माझे गुडघे गेले, मग तिचं हृदय.

ह्या वर्षी एका रविवारी फोन आला तो तिच्या मुलीचा, हेलनचा. आई झोपेतच गेली, म्हणाली. सगळं नीट पार पडलं. तिनं मला फार समजुतीनं सांगितलं, आणि मीही तिला जे सांगायचं असतं ते सांगितलं. मग तिनं विचारलं, “आईची आठवण म्हणून तुम्हाला काही पाठवू का?”

“गाडीचं काय करणार?” मी विचारलं.

“भंगारात देतोय. फार जुनी झाली.”

“एकदा चालू करशील? मला नुसतं ऐकू दे.”

ती खाली गेली. दार उघडल्याचा आवाज आला. किल्ली फिरली. ती बाई बोलली, तसाच तरुण गोड आवाज, एवढीसुद्धा म्हातारी झाली नव्हती.

“सांभाळून जा,” मी म्हटलं.

“काय?”

“ती म्हणते ना, सांभाळून जा. तुला जपानी येत नाही, म्हणून सांगितलं.”

हेलननं गाडी बंद केली.

“असं तुम्हाला आईनं सांगितलं?”

“हो. पहिल्याच दिवशी.”

“ती तसं म्हणत नाही,” हेलन हळूच म्हणाली. “आमच्या गॅरेजवाल्यानं सांगितलं होतं, जपानहून आलेल्या गाड्या सगळ्याच हे बोलतात. तिकडच्या टोलचं कार्ड असतं ना, ते खाचेत घातलेलं नाही, असं ती सांगते. एवढंच. आईला माहीत होतं. ती रोज सकाळी खाली जाऊन गाडीत बसायची, कुठे जायची नाही, नुसती चालू करायची आणि तिच्यावर खेकसायची, हो हो, नाही कार्ड, माहितीये मला. मग जरा वेळ बसून वर यायची.”

मी फोन कानाला धरून बसून राहिले. म्हणजे इतकी वर्षं मला सांभाळून जा म्हणत होती ती गाडी नव्हती. सुपरमार्केटच्या आवारात, ओळख ना पाळख, परक्या देशात अचानक आपली भाषा ऐकून रडत असलेली एक बाई माझ्याकडे बघत राहिली होती. हिला काय ऐकायचंय ते तिला दिसलं होतं. तेच तिनं तेव्हा म्हटलं, विमानतळावर म्हटलं आणि नंतर दर रविवारी म्हणत राहिली.

“तुम्ही आहात ना?” हेलननं विचारलं.

“आहे गं. तू सांभाळून जा घरी.”

फोन ठेवल्यावर घरात बसवेना. मी चपला घातल्या, खाली गेले, जॅझवरचं कापड काढलं आणि आत बसले. किल्ली फिरवली. तीन गोल मीटर उजळले. आवाज कसलाच आला नाही, माझी गाडी जन्माची मुकी आहे. मी जरा वेळ वाट पाहिली.

मग मीच मोठ्यानं म्हटलं, “इंदू, सांभाळून जा.”

डावा पाय पुढे गेला. क्लच जागेवर होता.